हसणारा कुठे बसलाय? लघुपटातलं पात्र, विनोद आणि कास्टिंग

संयोजकांनी विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हणालो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला कॅमेऱ्याची लेन्स कशाशी खातात ते कळत नाही. ते म्हणाले, लेन्सचं बोलायला दुसरे आहेत, तुम्ही माणसांचं बोला. तेव्हा आज मी माणसांचंच बोलणार आहे. तांत्रिक बाजूबद्दल कुणाला काही ऐकायचं असेल तर त्याचा जरा हिरमोड होईल.

आपल्या शहरात सध्या लघुपटांचं पीक जोरात आहे. एमजीएममध्ये चित्रपटाचं शिक्षण मिळतं, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात मराठवाड्यातल्या लघुपटांची स्वतंत्र स्पर्धा होते. शिवाय मोबाईल सगळ्यांच्याच खिशात. मुलं काढतात आणि मला आणून दाखवतात. म्हाताऱ्याला वेळ असतो हे त्यांना माहीत आहे. गेल्या दोनेक वर्षांत मी असे वीस-बावीस लघुपट पाहिले असतील. त्यांतले निम्मे तरी विनोदी, निदान करणाऱ्याच्या मते विनोदी. आणि त्या विनोदी लघुपटांत हसू कुठून येतं? एक जाडा मुलगा असतो, तो सारखा खात असतो. एक तोतरा असतो. एक दारुडा असतो, तो नालीत पडतो. एक सावळी, दात पुढे असलेली मुलगी असते. नायक तिला बघून पळतो. आणि एक काका असतात, ते 'काहून बे', 'कुठं चाललालास' असं आपल्या बोलीत बोलतात. ते बोलले की हशा.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. या माणसाला का घेतलंस? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "सर, तो दिसतोच तसा."

मला या तीन शब्दांवर आज बोलायचं आहे. 'दिसतोच तसा.' म्हणजे कसा? आणि कुणाला?

या मुलांवर मी रागावलेलो नाही. त्यांची अडचण खरी आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला अडीच तास असतात. पात्र हळूहळू उलगडतं, आधी चिडचिडा वाटलेला माणूस मध्यंतरानंतर मायाळू निघतो. लघुपटाला आठ मिनिटं. आठ मिनिटांत माणूस कसा सांगायचा? मग दिग्दर्शक काय करतो, ते काम लेखनातून काढून निवडीवर टाकतो. चेहराच असा घ्यायचा की बघताक्षणी कळलं पाहिजे, हा बावळट, हा लबाड. पात्र लिहायचं राहून जातं, त्याच्या जागी चेहरा येऊन बसतो. कास्टिंग ही मग पात्राची पळवाट होते.

हे आजचं नाही. नाट्यशास्त्र काढून बघा. भरताने विदूषकाची लक्षणं दिलीत ती कसली आहेत? ठेंगणा, दात पुढे आलेला, कुबड असलेला, टकला, पिंगट डोळ्यांचा, चेहरा विचित्र. सगळी शरीराची. विदूषक काय बोलतो, त्याची बुद्धी कशी चालते, हे नंतर. आधी देह. म्हणजे 'दिसतोच तसा' या उत्तराला दोन हजार वर्षांची परंपरा आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण याच ग्रंथात भूमिका वाटून देण्याविषयी स्वतंत्र विवेचनही आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे एक प्रकार 'अनुरूप' म्हणून येतो: पात्राचं वय, लिंग आणि नटाचं वय, लिंग सारखं. दुसरा 'विरूप': म्हाताऱ्याने पोराची भूमिका करायची किंवा पोराने म्हाताऱ्याची. तिसरा, पुरुषाने स्त्रीची भूमिका करायची. म्हणजे नट आणि पात्र यांच्यात अंतर असू शकतं, आणि ते अंतर किती ठेवायचं हा निर्णय आहे, हे भरताला ठाऊक होतं. आमच्या मुलांना फक्त पहिला प्रकार ठाऊक आहे. तोही चुकीच्या अर्थाने.

आता हसण्याकडे येऊ. १९०० साली आंरी बर्गसां या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचं हास्यावरचं छोटं पुस्तक आलं. मी ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, त्यामुळे त्यातलं सगळं सांगत बसलो तर संयोजक चिठ्ठी पाठवतील. दोन गोष्टी घेतो. पहिली: जिवंत माणूस यंत्रासारखा, वस्तूसारखा वागला की हसू येतं. रस्त्यात चालणारा माणूस ठेचकाळून पडतो, आपण हसतो. कारण त्या क्षणी तो माणूस न राहता पोतं होतो. पण हसायला एक अट आहे. काळजाला तेवढ्यापुरती भूल द्यावी लागते. पडलेला माणूस आपला बाप असेल तर हसू येत नाही. दुसरी गोष्ट: हसणं नेहमी एका गटाचं असतं. बर्गसां एक किस्सा सांगतो. चर्चमध्ये प्रवचन ऐकून सगळे रडतायत, एक जण कोरडा. त्याला विचारलं, तुम्ही का नाही रडत? तो म्हणतो, मी या गावचा नाही. बर्गसां म्हणतो, रडण्यापेक्षा हसण्याला हे जास्त लागू पडतं. आपल्याकडे कीर्तनाला परगावचा पाहुणा बसला की बुवांनी गावातल्या कुणावर मारलेला टोमणा त्याला कळत नाही, तसंच.

म्हणजे विनोदी लघुपट काढताना 'कोणाला हसायचं' एवढं ठरवून भागत नाही. हसणारा कुठे बसलाय हेही ठरवावं लागतं. तो कुठल्या गावचा?

आता आपल्याच शहरातलं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यात मोठं आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला.' लक्ष्मण देशपांडे. आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हा एकपात्री प्रयोग सुरू केला. एकटा माणूस, तीनेक तास, बावन्न पात्रं. पुढे गिनीज बुकातही त्याची नोंद झाली. मराठवाड्यातलं एक अख्खं गाव लग्नासाठी विमानात बसून लंडनला जातं, एवढीच गोष्ट. २००९ साली देशपांडे गेले. नंतर माजलगावचे संदीप पाठक हा प्रयोग करू लागले.

कास्टिंगच्या दृष्टीने बघा, देशपांड्यांनी काय केलं? कास्टिंग केलंच नाही. बावन्न माणसं, शरीर एक. म्हातारी तेच, पोरगा तेच, गोरा साहेब तेच. त्यामुळे 'दिसतोच तसा' म्हणायला जागाच राहिली नाही. कुणीच तसा दिसत नव्हता, सगळे तसे वागत होते, बोलत होते. आपली बोली त्यात पुरेपूर होती, आपला भाबडेपणा होता, हट्ट होता, पंगतीतलं रुसणं होतं. मी हा प्रयोग इथल्या लोकांत बसून पाहिलाय. ज्यांची नक्कल चालली होती तेच खुर्चीवरून खाली पडायचे हसून. अपमान झाल्यासारखं कुणाला वाटलं नाही, कारण हसवणारा आणि ज्याला हसायचं तो एकाच अंगात होते. देशपांडे 'या गावचे' होते. आणि लंडनवाले त्यांच्या तावडीतून सुटले होते असंही नाही.

पडद्यावर हे जमत नाही. रंगमंचावर नट म्हणाला 'मी म्हातारी', की आपण मान्य करतो. कॅमेरा असं काही मान्य करत नाही. तो शरीर दाखवतो, आणि आपल्या समाजात शरीराला जात असते, पैसा असतो, गल्ली असते. चपलेवरून आणि केसांच्या तेलावरून आपण माणूस ओळखतो. म्हणून चित्रपटात निवड हा गंभीर मामला होतो.

बोलीचं थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली मराठी पडद्यावर नायकाच्या तोंडी आणली. आपल्याच गावातून गेलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी २००५ साली 'कायद्याचं बोला' केला, त्यात अनासपुरे गावाकडचा वकील आहेत. चित्रपटभर आपण त्याच्या बोलण्याला हसतो, आणि खटलाही तोच जिंकतो. हे ठीक होतं. पुढे झालं काय, की बाकीच्यांनी त्यातली बोली उचलली आणि खटला सोडून दिला. आता टीव्हीवर कुणी आपल्यासारखं बोलायला लागला की तो ड्रायव्हर तरी असतो नाहीतर येडा तरी. आणि आमची मुलं, जी घरी आईशी याच बोलीत बोलतात, ती आपल्या लघुपटात नायकाला पुण्याची भाषा देतात आणि काकांना स्वतःची. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. एक चित्रपटाचा विद्यार्थी, अहमदनगरला (आता अहिल्यानगर) संज्ञापन शिकणारा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. २००९ साली त्याने शिकताना एक लघुपट केला, 'पिस्तुल्या'. पाव तासाच्या आतबाहेर. शाळेत जायची ओढ असलेला आणि शाळा न परवडणारा एक मुलगा, एवढा विषय. पहिल्या प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे हे नाव पुढे सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं, तो भाग वेगळा. मला त्यातल्या मुलाबद्दल बोलायचं आहे. सूरज पवार. नट नव्हता. आता कुणी म्हणेल, मंजुळेंनीही तेच केलं की, 'दिसतोच तसा' म्हणून घेतलं. अगदी भरताचा अनुरूप प्रकार.

थांबा. हाच मुलगा २०१३ च्या 'फँड्री'त पिऱ्या आहे, जब्याचा मित्र. आणि २०१६ च्या 'सैराट'मध्ये? प्रिन्स. पाटलाचा मुलगा, आर्चीचा भाऊ. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कानाखाली मारणारा. जो मुलगा पडद्यावर शाळेसाठी तडफडत होता, तोच सात वर्षांनी पडद्यावर मास्तरला मारतोय, आणि बाप त्याचं कौतुक करतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ओळखू आलं नाही. कुणीतरी सांगितल्यावर अंगावर काटा आला. चेहरा तोच. मग 'दिसतोच तसा' याचं काय झालं? मला वाटतं मंजुळे या निवडीतून काहीतरी फार थेट म्हणतात: उपाशी दिसणं आणि माजलेलं दिसणं चेहऱ्यात नसतं. कपडे बदला, गाडी द्या, घरात शब्दाला मान द्या, चेहरा बदलतो. पात्र म्हणजे माणसाची जगातली जागा. दिग्दर्शकाने ती जागा नीट मांडली की चेहरा आपोआप त्या जागेचा होतो.

मंजुळेंनी माणसं कशी शोधली तेही बघण्यासारखं आहे. 'फँड्री'चा जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, केम गावचा. तो हलगी वाजवताना मंजुळेंना दिसला. फोटोत नाही दिसला, वाजवताना दिसला. माणूस आपलं रोजचं काम करत असतो तेव्हा त्याचं शरीर कुणासाठी नसतं, स्वतःचं असतं. ऑडिशनला उभा केलेला माणूस मात्र तुम्हाला काय हवं ते ओळखून तेच द्यायला बघतो. आणि याच जब्याच्या बापाच्या, कचरूच्या, भूमिकेत किशोर कदम आहेत. मुरलेले नट, 'सौमित्र' नावाने कविता लिहिणारे. नवखा मुलगा आणि कसलेला नट एका चौकटीत. 'नट नको, खरी माणसं हवीत' असली आरोळी मंजुळे ठोकत नाहीत.

आता विनोद. 'फँड्री'तला शेवटाकडचा डुकरं पकडण्याचा प्रसंग आठवा. शाळेच्या शेजारी कचरूचं कुटुंब डुकरामागे धावतंय. गाव बघत बसलंय. शेरेबाजी चाललीय, मोबाईलवर फोटो निघतायत. माणसं धडपडतात, घसरतात, डुक्कर निसटतं. बर्गसांच्या व्याख्येप्रमाणे यात विनोदाचं सगळं साहित्य आहे. आणि मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर डोळ्यांसमोरून निवांत जातंय. थिएटरात इथे हसू फुटतं, मी ऐकलंय. मीही हसलो. आणि अर्ध्या सेकंदात ते हसू घशात अडकतं, कारण आपण कुणाबरोबर हसलो ते कळतं. आपण त्या बघ्यांच्या रांगेत बसून हसलो. आणि जब्या जिच्यापासून लपतोय ती शालूही तिथेच आहे. शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या मते तो दगड या हसण्याचा हिशेब आहे. दिग्दर्शकाने आधी आपल्याला हसू दिलं. ते दिलं नसतं तर दगड लागला नसता.

आणि 'पावसाचा निबंध'. हा पुन्हा लघुपट, 'सैराट'च्या घवघवीत यशानंतर केलेला. मला हे फार आवडलं. एवढ्या पैशाच्या चित्रपटानंतर माणूस परत छोट्या वहीकडे गेला. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलाय, घर गळतंय, बाप दारू पिऊन पडलाय, आणि बायको-पोरं त्याला भर पावसात ओढत घरी आणतात. इथे माझ्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. दारुडा! लघुपटातलं सगळ्यात स्वस्त विनोदी पात्र. आणि हा दारुडा अक्षरशः पोतं झालाय. बर्गसां म्हणतो तसा माणसाचा जिन्नस झालाय. पण हसू येत नाही. का येत नाही? कारण कॅमेरा ओढणाऱ्यांच्या बरोबर आहे. त्या बाईच्या खांद्यावर ते वजन आहे आणि आपल्याला वजन जाणवतंय. वजन जाणवलं की काळजाची भूल उतरते. तुमच्या लघुपटातला दारुडा नालीत पडतो तेव्हा त्याला उचलायला कोण येतं, हे तुम्ही कधी दाखवलंय का?

एके ठिकाणी मात्र मला मंजुळेंशी भांडायचं आहे. 'सैराट'मधला प्रदीप. गाव त्याला 'लंगड्या' म्हणतं. तानाजी गळगुंडे या मुलाने ती भूमिका केली, आणि त्याच्या पायातलं व्यंग अभिनयाचं नव्हतं. गावात अशीच नावं पडतात, हे खरं. चित्रपटाने खोटं काही सांगितलं नाही. आणि 'झिंगाट'मध्ये तो ज्या बेहोशीने नाचतो ते बघताना आपण त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. हेही मान्य. पण पहिल्या अर्ध्या भागात थिएटरातला हशा पुष्कळदा त्या नावावर आणि त्या चालण्यावर उठतो, आणि 'फँड्री'त जसा त्या हशाचा हिशेब होतो तसा इथे होत नाही. पुढे मैत्रीपायी तो मारही खातो, पण हसणारा प्रेक्षक सुखरूप राहतो. माझं मत असं की इथे चित्रपटाने दोन्ही बाजूंचा नफा घेतला. आणि आमच्या मुलांनी 'सैराट'मधून नेमकं हेच उचललं. प्रत्येक लघुपटात नायकाच्या दोन मित्रांपैकी एकाच्या अंगात काहीतरी खोट असते.

यातूनच एक प्रश्न निघतो, तो सिनेमाच्या बाहेरचा आहे. ज्याला घेतलं त्याचं पुढे काय? १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिकाने 'बायसिकल थीव्हज' केला. अमेरिकन निर्माता सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण त्याला नायक म्हणून कॅरी ग्रँट हवा होता. दे सिकाने नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी नावाच्या कारखान्यातल्या कामगाराला घेतलं. चित्रपट अजरामर झाला. माज्जोरानीची मात्र कारखान्यातली नोकरी गेली आणि सिनेमातही त्याला नीट काम मिळेना. बेकार माणसाची भूमिका केली आणि बेकार झाला. कांट म्हणून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा; साधन तर आपण सगळेच एकमेकांचे असतो. तुम्ही गल्लीतल्या तोतऱ्या मुलाला घेता, आठ मिनिटांचा लघुपट करता, युट्यूबवर टाकता, लोक हसतात, तुम्ही पुढच्या वर्षी मुंबईला जाता. तो त्याच गल्लीत राहतो. आणि आता त्याला हसायला गल्लीच्या बाहेरचेही लोक आहेत.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: "सर, मग विनोदी लघुपट करायचेच नाहीत का? सगळं गंभीरच करायचं?")

अरे बाबा, असं कुठे म्हणालो मी? उमेश कुलकर्णींचा 'वळू' बघ, २००८ चा. तेही चित्रपटाचेच विद्यार्थी, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, आधी लघुपटच केले त्यांनी. 'वळू'त गाव एका बैलामागे लागतं. मोहन आगाशे आहेत, दिलीप प्रभावळकर आहेत, अतुल कुलकर्णी आहेत. सगळे हास्यास्पद वागतात, सगळेच. सरपंच, पुजारी, शहरातून आलेला वनाधिकारी, कुणी सुटत नाही. हशाचं ओझं गावभर वाटून दिलंय, एकाच्या डोक्यावर दिलेलं नाही. लघुपटात वेळ कमी म्हणून तू सगळं हसू एका जाड्या मुलावर टाकतोस. दोघांत वाटून बघ. जो चिडवतो त्यालाही थोडं हास्यास्पद कर.

(श्रोत्यांतून, एक विद्यार्थिनी: "माझ्या फिल्ममध्ये आजीचं काम माझीच आजी करतेय. ती संवाद विसरते आणि भलतंच बोलते, आणि ते लिहिलेल्यापेक्षा जास्त विनोदी होतं. ते ठेवू का?")

ती भलतंच बोलली हे तिला माहीत आहे का? तिला ते फुटेज दाखवलंस का? नाही ना. मग आधी तिला दाखव, घरी, शेजारी बसून. ती हसली तर ठेव. गप्प बसली तर तुझं तुलाच कळेल. आणि संवाद काय होता गं मूळचा? … बघा, हा संवाद माझ्याही आजीने विसरला असता. कुठलीच आजी असं बोलत नाही. तिचंच ठेव.